मामा कसा गेला?

आता डॉक्टर गेल्यावर लोक त्यांना देवमाणूस म्हणतात. म्हणू देत बापडे. माझ्यासमोर मात्र म्हणू नका. मी त्या देवमाणसाच्या दवाखान्यात चार-पाच वर्षं सुया उकळल्या, बाटल्या धुतल्या, त्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि दोनदा तोंडावर उलट उत्तरं दिली. त्यांची विद्या मी पाहिली आहे. ती विद्या कशी वापरायची हे त्यांना कळत नव्हतं, तेही मी पाहिलं आहे.

जळगावात त्यांना नावानं ओळखणारे कमीच. टांगेवाल्याला 'मामा कसा गेला डॉक्टर' म्हटलं की तो नव्या पेठेत बरोबर दारात नेऊन सोडायचा. कारण हेच, की कुठलाही पुरुष रोगी रक्ताची तक्रार घेऊन आला, नाकातून असो की खालून, नाडी बघायच्या आधी डॉक्टरांचा प्रश्न ठरलेला. "मामा कसा गेला?" मामा जिवंत असला तरी. एकदा एका पोराबरोबर त्याचा मामाच आला होता, धडधाकट, हातात केळीची फणी. म्हणाला, "अहो, मी हा इथं उभा आहे." डॉक्टर म्हणाले, "तू नाही. तुझ्या आधीचा एखादा?" तो मामा फणी तिथंच टाकून निघून गेला. अभद्र माणूस, म्हणाला. फणी आम्ही खाल्ली.

त्यांचं दुसरं वेड काचेच्या नळीचं. रोग्याच्या शिरेतलं रक्त एका बारीक नळीत घ्यायचं, ते किती वेळात गोठतं ते पाहायचं. नळी गार पडली तर हिशेब चुकतो, म्हणून नळी बगलेत. रोग्याच्या घरी रक्त घेतलं असलं तर तशीच बगलेत धरून सायकलवर. एक हात दांड्यावर, दुसरा अंगाला घट्ट चिकटलेला. सरकी काढायच्या जिनातला कापूस रस्त्यानं उडतोय, त्याच्या पुंजक्यांतून हा माणूस एका हातानं सायकल मारत चाललाय, मधेच उतरतोय, नळी काढून तिरकी करून बघतोय, पुन्हा बगलेत घालतोय. नव्या माणसाला वाटायचं, डॉक्टरलाच अर्धांगवायू झालाय. कोणी "नमस्कार डॉक्टर" म्हटलं की ओरडायचे, "बगलेत रक्त आहे, हात जोडता येत नाहीत!"

सुईवर त्यांचा राग होता. त्या काळी लोकांना सुई पाहिजे. सुई टोचली नाही तो डॉक्टर कसला? बैलगाडीतून एवढ्या लांबून आलो, अन् नुसत्या गोळ्या? डॉक्टर म्हणायचे, "सुई पाहिजे तर गोधडी शिवणारीकडे जा." आणि खालून रक्त जाणारा रोगी आला, सोबतच्यांनी "मूळव्याध आहे हो" असं सांगितलं, की भडकायचे. "मूळव्याध म्हणजे आपल्या खान्देशातली धर्मशाळा आहे. खालून जे काही येईल ते तिथं मुक्कामाला!"

आणखी एक खोड होती. रोग्याला ते कधी एकट्यानं तपासत नसत. बाकावर बसलेले दहा लोक ऐकताहेत, आणि हे विचारताहेत, शौचाला कसं होतं, रंग कोणता, बाईची पाळी किती दिवस. कोणी खालच्या आवाजात बोललं की म्हणायचे, "मोठ्यानं बोल. रोग काय चोरीचा माल आहे?" लोक हसायचे. ज्याची तपासणी चालायची तो मान खाली घालायचा. या खोडीलाही लोक आता मोकळेपणा म्हणतात. त्या बाकासमोर माझी माय उभी होती, म्हणून मला तो शब्द सोसत नाही.

सांगते. तेव्हा जळगाव पूर्व खान्देशात आणि धुळं पश्चिम खान्देशात होतं. माझे वडील लवकर गेले होते. घरात माय, मी आणि माझा मोठा भाऊ, बापू. बापू एका डाळीच्या गिरणीत कारकून होता. घरातलं सगळं ठरवायचा नानामामा, म्हणजे मायचा पाठचा भाऊ. मायचं माहेर धुळ्याकडचं, बोलणं अस्सल अहिराणी. नानामामाच्या चार पोरी लग्नाच्या रांगेत. माझं लग्न त्यानंच दोंडाईच्याला जमवलं होतं. मुलाचे वडील, आबा, मिरचीचे व्यापारी. ते घरात आले की आम्हाला ठसका लागायचा, एवढी मिरची त्यांच्या धोतरात मुरलेली. माणूस मात्र खळखळून हसणारा. मला ते घर आवडलं होतं. लपवत नाही, मुलगाही आवडला होता.

साखरपुड्याच्या तोंडावर बापूला खालून रक्त जाऊ लागलं. आधी थोडं, मग तांब्यानं ओतल्यासारखं. बापू पांढरा पडला. नानामामा म्हणाला, मूळव्याध आहे, धुळ्याच्या मूळव्याधवाल्याकडे नेऊ, तो दोरा बांधून कापून टाकतो, हातासरशी काम. पण बापूला उभं राहवत नव्हतं, बसमध्ये कसा बसणार? म्हणून जवळचा डॉक्टर, म्हणून हे.

आबा तेव्हा जळगावातच होते, मिरचीच्या कामानं. होणाऱ्या सुनेचा भाऊ आजारी आहे म्हटल्यावर ते धावत दवाखान्यात आले. बाकावर बसले. मी मायजवळ उभी. डॉक्टरांनी बापूचं पोट दाबून पाहिलं, खालून काही एक घातलं नाही, नुसतं पाहिलं. रक्त नळीत घेतलं, बगलेत धरलं. थोडं उशिरा, पण गोठलं. नानामामाच्या जिवात जीव आला. "बघा, गोठलं! आता कापायला हरकत नाही."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मायला विचारलं, "अक्का, या पोराचा मामा कसा गेला?"

आता ऐका. मायला आणखी एक भाऊ होता, सगळ्यात मोठा. तो जवानीत गेला होता. आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं, त्याला शेतात पान लागलं. साप चावला असं आमच्याकडे म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. तेच नानामामानं सांगितलं. "पान लागलं होतं, डॉक्टर. घोणस होती. तोंडातून रक्त आलं आणि गेला."

खोटं किती बेमालूम होतं पाहा! घोणस चावली की रक्त येतंच. कोणालाही पटावं. डॉक्टरांनाही क्षणभर पटलं असावं. मग विचारलं, "पाय सुजला होता?"

नानामामा म्हणाला, "पाय? पायाचं आठवत नाही."

"घोणस चावली आणि पायाचं आठवत नाही?" डॉक्टर खुर्चीतून उठले. "हे पाहा. हा आजार कधी कधी हलका असतो. नळीत रक्त गोठतं, आणि सुरी लावली की थांबत नाही. तेव्हा नळी मला फसवते. मग विचारायला एकच जागा उरते, आईचं माहेर. मी कापलं आणि हा आजार निघाला, तर पोरगं माझ्या टेबलावर रिकामं होईल. नसला, आणि मी नुसता बसून राहिलो, तर जे कापून बरं झालं असतं त्यानं मरेल. अक्का, पोराच्या डोक्यावर हात ठेवा आणि सांगा, भावाला पान लागलं होतं."

आबा बाकावर पुढं सरकून ऐकत होते. मायचा हात उचलला जाईना. नानामामानं आपलाच हात पुढं केला. डॉक्टरांनी तो झटकला. "तुमचा नाही. आईचा."

माय मग एकदम बोलली. "दात काढा व्हता धुयाले. मंग रगत थांबनंच नही. बठ्ठी गोधडी भिजी गयी." म्हणजे धुळ्याला मामाचा दात काढला आणि रक्त थांबलंच नाही. एवढं सांगून ती पदर तोंडात कोंबून मटकन खाली बसली.

डॉक्टर काय म्हणाले असतील? "शाबास." बस. पाणी नाही, धीर नाही. शाबास! माय तिथं जमिनीवर, होणारा व्याही समोर, चौदा वर्षं झाकलेलं मढं भर बाजारात उघडं पडलेलं, आणि हे शाबास म्हणून हात धुवायला गेले.

पुढचं सगळं त्यांनी उत्तम केलं, तेही सांगते, नाहीतर पाप लागेल. बापूला मूळव्याध नव्हतीच. मोठ्या आतड्यात आवेच्या जखमा होत्या. "जखम सगळ्यांना होते," डॉक्टर म्हणाले, "तुझी मिटत नाही, एवढंच." आवेवर तेव्हा कमरेत सुया द्यायचे. त्यांनी एकही दिली नाही, कारण टोचाल तिथं आत रक्त साचणार. पोटातून गोळ्या. एनिमा नाही, तपासायची नळी नाही, अंगदुखीची पुडी नाही. पलंगाचं पायतं विटांवर चढवलं. पातळ पेज. आणि मुख्य म्हणजे ताजं रक्त, माणसाच्या अंगातून काढलेलं, त्याच दिवसाचं. जे बापूच्या रक्तात कमी होतं ते ताज्या रक्तातून मिळतं, शिळ्यात उरत नाही, म्हणाले.

रक्ताचं नाव काढल्यावर आमचा गोतावळा पाहण्यासारखा झाला. नानामामाला चक्कर येत होती. त्याचे दोन चुलते भाकरी खाऊन येतो म्हणाले, ते कोणत्या गावाला भाकरी खायला गेले देव जाणे. मी हात पुढं केला. डॉक्टर म्हणाले, "तुझं नको. आईचंही नको." मी म्हटलं, का? "हा आजार बाई वाहते आणि पुरुष भोगतो. तुझ्या आईत आहेच, तुझ्यातही असू शकेल. तुझं रक्त कामाचं नाही." हेही बाकासमोर. एकोणीस वर्षांच्या पोरीला, तिच्या होणाऱ्या सासऱ्यासमोर.

तेव्हा आबा उठले. अंगरख्याची बाही वर केली. "माझं पाहा जुळतं का. पोरगं आधी जगू द्या." काचेवर दोन थेंब मिसळून पाहिलं, जुळलं. आबांनी रक्त दिलं, दोन दिवसांनी दोंडाईच्याहून आपला पुतण्या आणि हमाल पाठवून आणखी देवविलं. बापू वाचला. त्याचं रक्त थांबलं, गालांवर रंग आला. आणि पंधरवड्यानं आबांचा निरोप आला, सोयरीक होणार नाही, राग मानू नये. त्या माणसानं माझ्या भावाला रक्त दिलं आणि माझं कुंकू परत घेतलं. कोणावर रागवायचं सांगा! मी डॉक्टरांवर रागावले.

त्यांच्या दवाखान्यात जाऊन विचारलं, "तुम्ही आबांना पाच मिनिटं बाहेर पाठवलं असतं तर काय बिघडलं असतं?" म्हणाले, "मला रोग्याचं काम होतं, तुझ्या लग्नाचं नव्हतं." मग थोड्या वेळानं, "उद्यापासून इथं ये. सुया उकळायला माणूस पाहिजे." ही त्यांची माफी होती की काय, मला आजतागायत कळलेलं नाही. घरात गरज होती. मी गेले.

नानामामाला त्यांनी त्याच काळात एकदा बोलावून समजावलं होतं, मी ऐकलंय. "तुम्ही स्वतः निरोगी आहात. हे तुमच्या पोरींत जात नाही. तुमच्या पोरींना काहीही नाही. कोणापासून काय लपवताय?" नानामामा मान डोलवत राहिला आणि बाहेर आल्यावर मला म्हणाला, "काही तरी सांगतो तो. एका घरातलं रक्त, एकीत असेल आणि दुसरीत नसेल?" ज्या पोरींसाठी हा सगळा खोटेपणा, त्यांना त्याची गरजच नव्हती हो! डोकं फोडून घ्यावंसं वाटतं.

बापूकडून मात्र डॉक्टरांनी पाठ करून घेतलं होतं. दवाखान्यात आला की उभं करायचे शाळेतल्या पोरासारखं. "कुठल्याही डॉक्टरकडे गेलास तर पहिलं काय बोलशील?" बापू हसत म्हणायचा, "मला कापू नका, टोचू नका, आधी ताजं रक्त आणा." "मोठ्यानं!" तो मोठ्यानं म्हणायचा. बाकावरचे लोक टाळ्या वाजवायचे.

मग बापूला धुळ्याला कापसाच्या अडतीवर चांगली नोकरी लागली. नानामामानं लगेच तिथलंच स्थळ आणलं. या वेळी आधीच तंबी, "तोंड उघडायचं नाही. बहिणीचं काय झालं पाहिलंस ना?" बापूनं पाहिलं होतं. मी रोज त्याच्यासमोर बिनलग्नाची वावरत होते. डॉक्टरांनी विचारलं, "मुलीकडच्यांना सांगितलंस?" बापू हो म्हणाला. मला ठाऊक होतं तो खोटं बोलतोय, मी मायला म्हटलंही. माय म्हणाली, "पोरनं घर बसू दे." पोराचा संसार उभा राहू दे, एवढंच तिचं.

थंडीत धुळ्याहून माणूस आला. बापूला पुन्हा रक्त सुरू झालं होतं. होणाऱ्या सासुरवाडीचे लोक भले, त्यांनी जावयाला हातावर उचलून आपल्या ओळखीच्या मूळव्याधवाल्याकडे नेलं होतं. त्यानं दोरा बांधला, कापलं, वर जाळणारं औषध भरलं. रक्त थांबेना, तेव्हा कोणाला तरी जळगाव आठवलं.

डॉक्टर आणि मी पहिल्या बसनं निघालो. रक्ताच्या रिकाम्या बाटल्या माझ्या मांडीवर. पारोळ्याला ड्रायव्हर चहाला उतरला तर डॉक्टरांनी त्याची कॉलर धरली. धुळ्याला पोचलो तेव्हा बापूला एका दवाखान्यात हलवलं होतं. शुद्धीवर होता. डॉक्टरांनी त्या सासुरवाडीच्या दोन भावांचं रक्त घेतलं, त्यांनी ते न कुरकुरता दिलं, आणि बाटली बापूला लावली. मग डॉक्टर बापूच्या तोंडाशी वाकले. "का नाही बोललास? पाठ होतं ना तुला?"

बापू म्हणाला, "सोयरे समोर होते."

दुपारी तो गेला. डॉक्टर बाहेर आले, व्हरांड्यात नानामामा उभा होता, त्याच्या मुस्काटात मारली. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. पण बसमध्ये परत येताना डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते, आणि मी त्यांच्याकडे बघत होते, आणि मला वाटलं, एक तुम्हालाही पाहिजे होती.

जळगावात आमच्या घरी लोक बसायला येऊ लागले. सतरंजीवर नानामामा पुढं. येईल त्याला सांगायचा, "विषमज्वर झाला. दोन दिवसांत गेला." माय भिंतीला टेकून बसलेली. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले. चपला बाहेर काढून, मान खाली घालून. एवढ्या वर्षांत मी त्यांना हळू बोलताना पाहिलं नव्हतं. मायजवळ बसून हळूच म्हणाले, "अक्का, जरा आतल्या खोलीत येता? तुमच्या मुलीबद्दल बोलायचंय. एकटीशी."

मायनं त्यांच्याकडे पाहिलं. आवाज चढला तिचा, असा की रस्त्यावरचे लोक थांबले.

"आते एकलीले ईचारतस? तवय चार लोकेस्मा ईचारं तुम्हीन. माले एकलीले ईचारतात, तं मी तवयच सांगी देती. मना पोरले लपाडाना धडा कोनी दिधा? यानी दिधा, अन् तुम्हीनबी दिधा!"

लपवायचा धडा 'यानी' दिला म्हणताना तिनं नानामामाकडे बोट केलं होतं. नानामामा "गप, गप" करत पुढं आला. तिनं त्याला परत सतरंजीवर ढकललं. मग माय उठली, सगळ्या सतरंजीकडे वळली.

"विषमज्वर नही. रगत थांबनं नही. मना भाऊनं नही थांबनं, मना पोरनं बी नही." मग माझा दंड धरून मला मधोमध उभं केलं. "ही मनी पोर. ईना आंगमा बी ते रगत व्हई शकस. ज्याले हाई आयकीसन बसनं व्हई त्यानी बसा, ज्याले उठनं व्हई त्यानी उठा."

मग एकेक जण पागोटं, टोपी सावरत उठू लागला. सगळ्यांत आधी उठला तो नानामामा.